मेम्फिसची फिर्याद

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ साली संपले, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत त्या देशाच्या राज्यघटनेत ज्या तीन दुरुस्त्या झाल्या, त्यांनी दक्षिणेतील सुमारे चाळीस लाख कृष्णवर्णीय माणसांना दास्यातून मुक्त केले, त्यांना नागरिक ठरविले आणि त्यांच्यातील पुरुषांना मताचा अधिकार दिला. या वार्तेने दूर पुण्यातही आशा जागविली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तो त्यांनी गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी उमेद त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. परंतु त्याच सालच्या एप्रिल महिन्यात लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायकचेरी राखून बसलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांची गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कत्तल केली, आणि त्यांतील कित्येकांना तर ते शरण आल्यानंतर ठार मारण्यात आले.

पुढे चार वर्षांनी, म्हणजे १८७७ साली, संघसरकारने दक्षिणेतील आपल्या लष्कराचा आधार काढून घेतला; १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवासात व सार्वजनिक स्थळी समान वागणुकीची हमी देणारा १८७५ चा कायदा रद्दबातल ठरविला; आणि घटनेत नमूद झालेले हक्क गावोगावच्या गोऱ्या अंमलदारांच्या मर्जीवर येऊन पडले. ही मर्जी मोडू पाहणाऱ्यांवर जरब बसविण्याचे जे साधन त्या मुलखात रूढ झाले त्याला लिंचिंग म्हणत. एखाद्या काळ्या माणसावर आळ यावा, जमावाने त्याला घरातून अथवा तुरुंगातून ओढून काढावे, आणि साक्ष नाही, पुरावा नाही, बचावाची संधी नाही, अशा स्थितीत त्याला झाडाला टांगावे, गोळ्या घालाव्या किंवा जिवंत जाळावे. आणि शेकडो लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या या कृत्याची सरकारी चौकशी झालीच तर मारेकरी अज्ञात असल्याचा निष्कर्ष नोंदवून दप्तर बंद करावे, असा तो परिपाठ होता.

केवळ दांडगाईच्या बळावर अशी प्रथा पिढ्यान् पिढ्या चालत नाही. प्रत्यक्ष हात न लावणाऱ्या, चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या, वृत्तपत्रे वाचणाऱ्या सभ्य माणसांनी तिच्याकडे कानाडोळा करावा यासाठी तिला एक सबब लागते. आणि ती सबब तयार होती. काळा पुरुष मोकाट सुटला की गोऱ्या स्त्रीची अब्रू धोक्यात येते, संतापलेले लोक कायद्याची वाट पाहत नाहीत, त्यांचे कृत्य गैर असले तरी त्यांची भावना समजण्याजोगी आहे, असे दक्षिणेतील वृत्तपत्रे लिहीत, उत्तरेतील सज्जन ते खरे मानीत, आणि खुद्द कृष्णवर्णीय समाजातील पुष्कळ सुशिक्षितांच्या मनातही कुठेतरी हाच समज घर करून होता. या सबबीचा पंचनामा करून ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचे काम तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका शिक्षिकेने आणि पत्रकर्तीने अंगावर घेतले. तिचे नाव इडा वेल्स.

मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी १६ जुलै १८६२ रोजी इडाचा जन्म झाला तेव्हा तिचे आईबाप गुलाम होते. बाप जेम्स हा सुतारकामात निष्णात, आई एलिझाबेथ स्वयंपाकीण. मुक्तता झाल्यानंतर जेम्स आपल्या जुन्या मालकाकडेच मजुरीवर काम करीत राहिला. पण निवडणूक आली आणि मालकाने आपल्या पक्षाला मत देण्याचा आग्रह धरला तेव्हा जेम्सने तो मानला नाही. मत देऊन परत येतो तो कामाच्या जागेला कुलूप. त्याने कोणाशी हुज्जत घातली नाही. सरळ बाजारात जाऊन नवी हत्यारे विकत घेतली, दुसरे घर भाड्याने घेतले आणि स्वतंत्र धंदा मांडला. घरी त्याचे स्नेही जमत आणि लहानगी इडा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आई मुलांबरोबर स्वतःही शाळेत जाऊन बसे, बायबल वाचता येईपर्यंत. मताच्या चिठ्ठीचे मोल आणि अक्षराचे मोल या दोन गोष्टी त्या घरात मुलीला वेगळ्या शिकवाव्या लागल्या नाहीत.

१८७८ साली त्या भागात पीतज्वराची साथ आली आणि तिने इडाचे आईबाप व तान्हा भाऊ असे तिघे एकाच घरातून नेले. सोळा वर्षांची इडा त्या वेळी आजीकडे होती. उतारूंच्या गाड्या बंद झालेल्या, तेव्हा ती मालगाडीत बसून गावी परतली. वडिलांच्या मंडळातील स्नेह्यांनी बैठक भरवून उरलेल्या पाच भावंडांची वाटणी ठरविली होती. मुली कुणाच्या घरी, मुलगे कुणाच्या घरी, आणि पांगळी झालेली एक बहीण गरिबांच्या आश्रयगृहात. इडाने ती वाटणी ऐकून घेतली आणि आईबापांच्या हाडांना कबरीत स्वास्थ्य लाभणार नाही असे काही आपण होऊ देणार नाही असे बजावले. मग तिने परकराची लांबी वाढविली, केस मोठ्या बायकांसारखे वर बांधले, शिक्षकाची परीक्षा दिली आणि सहा मैलांवरच्या खेड्यात महिना पंचवीस डॉलरांची नोकरी धरली. शुक्रवारी खेचरावर बसून घरी यावे, दोन दिवस धुणी-शिवण-स्वयंपाक उरकावा आणि पुन्हा शाळा गाठावी, असे तिचे दिवस गेले.

काही वर्षांनी ती टेनेसी राज्यातील मेम्फिस या मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या पेठेत आली, आणि तेथेच १८८४ साली तिचा कायद्याशी पहिला सामना झाला. ती पहिल्या वर्गाचे तिकीट काढून स्त्रियांच्या डब्यात बसली असता गाडीच्या कंडक्टरने तिला पुढच्या, विड्यांच्या धुराने भरलेल्या डब्यात जाण्यास फर्मावले. तिने नकार दिला. त्याने दंड धरून ओढताच ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि पुढच्या बाकाला पाय रोवून बसली. तेव्हा तीन पुरुषांनी मिळून तिला बाहेर काढले, आणि डब्यातील गोऱ्या प्रवाशांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. तिने रेल्वे कंपनीवर फिर्याद गुदरली. खालच्या न्यायालयाने डिसेंबर १८८४ मध्ये तिला पाचशे डॉलर भरपाई देवविली; पण कंपनी वर गेली आणि १८८७ साली टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवून खटल्याचा खर्च उलट तिच्यावरच बसविला. कायदा आपल्या बाजूने आहे अशा श्रद्धेने ती न्यायालयात गेली होती. ती श्रद्धा त्या निकालाने पार खचली, आणि तिने आपल्या रोजनिशीत त्या व्यथेची नोंद केली. मात्र या खटल्यामुळेच ती लिहू लागली. चर्चच्या एका साप्ताहिकात तिने आपली हकीकत दिली, ‘आयोला’ या टोपणनावाने तिचे लेख गावोगावच्या कृष्णवर्णीय पत्रांत छापून येऊ लागले, आणि १८८९ साली ती मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या पत्राची भागीदार व संपादक झाली. निरक्षर गिऱ्हाइकांना पोरे भलतेच पत्र विकून फसवीत, म्हणून या बाईंनी आपले पत्र गुलाबी कागदावर काढले. ज्याला अक्षर येत नाही त्याने रंग पाहून मागून घ्यावे आणि घरी मुलाकडून वाचवून घ्यावे. काळ्या मुलांच्या शाळांची दुर्दशा पत्रात मांडली म्हणून १८९१ साली शिक्षिकेची नोकरी गेली. त्यानंतर पत्र हीच त्यांची उपजीविका झाली आणि तेच त्यांचे कार्यक्षेत्र.

मेम्फिसच्या वेशीबाहेर, जेथे ट्रामचा रूळ एकदम वळण घेई त्या वस्तीला ‘कर्व्ह’ म्हणत. तेथे एका गोऱ्या वाण्याचे दुकान होते आणि वस्तीतील सारे गिऱ्हाईक त्याचे बांधील होते. थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघा कृष्णवर्णीयांनी पुढाकार घेऊन त्याच्यासमोर ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे भागीदारीतले किराणा दुकान काढले. मॉस दिवसा टपाल खात्यात पत्रे वाटी आणि रात्री दुकानाचा जमाखर्च पाही. ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत पत्रे टाकता टाकता गावातली खबरबातही तोच आणून देई, आणि त्याच्या लहान मुलीची इडाबाई धर्ममाता होत्या. दुकान सचोटीने चालले आणि गिऱ्हाईक फिरले. १८९२ च्या मार्च महिन्यात गोट्या खेळणाऱ्या काळ्या-गोऱ्या पोरांचे भांडण झाले, त्यात थोरांनी भाग घेतला, आणि त्या निमित्ताने दुकानावर हल्ला होणार अशी आवई उठली. दुकानदारांनी वकिलाचा सल्ला घेतला. वस्ती शहराच्या हद्दीबाहेर असल्याने पोलिसांचे संरक्षण मिळणार नाही, तेव्हा आपला बचाव आपणच करावा, असे त्याने सांगितले. शनिवारी, ५ मार्चच्या रात्री, सशस्त्र गोरे लोक साध्या पोशाखात मागच्या दाराने शिरले तेव्हा आत राखणीला ठेवलेल्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी गोऱ्या वृत्तपत्रांनी छापले की, गुन्हेगारांच्या शोधात गेलेल्या सरकारी अंमलदारांवर बदमाषांच्या अड्ड्यातून हल्ला झाला. शंभरावर कृष्णवर्णीय पुरुष पकडले गेले, मॉस, मॅकडॉवेल व स्ट्युअर्ट तुरुंगात पडले, आणि कृष्णवर्णीयांच्या स्वयंसेवक पथकाची हत्यारे जप्त झाली.

९ मार्चच्या उत्तररात्री तोंडे झाकलेल्या माणसांची टोळी तुरुंगात शिरली, तिघांना कोठड्यांतून काढून शहराच्या उत्तरेला रेल्वेच्या आवारात घेऊन गेली आणि तेथे त्यांना गोळ्या घातल्या. सकाळच्या गोऱ्या वर्तमानपत्रात सगळा वृत्तांत तपशीलवार आला. मॅकडॉवेलने बंदूक धरून कशी झटापट केली, मॉसने आपल्या पत्नीसाठी आणि न जन्मलेल्या मुलासाठी जीवदान कसे मागितले, आणि अखेरीस आपल्या लोकांना पश्चिमेकडे निघून जाण्यास सांगा, येथे त्यांना न्याय नाही, असा निरोप त्याने कसा दिला, हे सारे त्यात होते. मारेकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावाचून असा वृत्तांत मिळत नाही. पण सरकारी चौकशीला मात्र एकही मारेकरी ओळखता आला नाही. पुढे दुकान लुटले गेले, उरलेला माल सावकारांनी लिलावात काढला, आणि समोरचा वाणी पुन्हा एकटा दुकानदार राहिला.

इडाबाई त्या वेळी नॅचेझ गावी पत्राच्या वर्गणीदारांसाठी फिरत होत्या. परत आल्या तेव्हा मॉसला पुरलेले होते. ज्या गोष्टीने त्यांच्या जीवनाला कायमचे वळण दिले ती या दुःखातून निघालेली एक विचारणा होती. लिंचिंग हे स्त्रीवरच्या अत्याचाराचे प्रायश्चित्त असते असे त्याही तोवर मानीत आल्या होत्या, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ते स्वच्छ सांगितले आहे. पण मॉसने कोणत्या स्त्रीकडे डोळा वर करून पाहिले होते? त्याचा अपराध काय, तर गोऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक प्रामाणिकपणे मिळविले हा. मेम्फिसमध्ये जर सबब आणि कारण यांत एवढे अंतर असेल, तर इतर गावी ते किती असेल?

मॉसच्या निरोपाला अनुसरून ‘फ्री स्पीच’ने लोकांना गाव सोडण्याचा सल्ला दिला. ओक्लाहोमाचा मुलूख तेव्हा वसाहतीसाठी नुकताच खुला झाला होता. कुणी गाडीने, कुणी बैलजोडीने, कुणी पायी, असे हजारो कृष्णवर्णीय मेम्फिस सोडून गेले. जे राहिले त्यांनी ट्राममध्ये बसणे टाकले. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे दोन अधिकारी पत्राच्या कचेरीत आले आणि आपल्या लोकांना ट्राममध्ये परत बसण्यास सांगा अशी विनंती करू लागले. काळ्या लोकांना विजेची भीती वाटते असे आपल्या कानी आल्याचेही त्यांनी सांगितले. इडाबाईंनी विचारले, विजेची ट्राम येऊन तर सहा महिने उलटले, मग उतारू कमी झाल्याचे तुमच्या केव्हा ध्यानात आले? सहा आठवड्यांपूर्वी, असे उत्तर आले. बरोबर सहा आठवड्यांपूर्वीच ती हत्या झाली, हे बाईंनी दाखवून दिले. कंपनीचा तिच्याशी काय संबंध, कंपनी तर उत्तरेतल्या भांडवलदारांची, असे अधिकारी म्हणाले. ती चालवितात दक्षिणेतले मारेकरी, असे बाईंनी तोंडावर सुनावले. ही सगळी भेट त्यांनी पुढच्या अंकात छापली आणि रविवारी गावातल्या दोन मोठ्या चर्चमध्ये जाऊन लोकांना निर्धार न सोडण्यास सांगितले. अलाबामातील माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची कीर्ती जगभर आहे. त्याच्या त्रेसष्ट वर्षे आधी मेम्फिसने हा मार्ग चोखाळला होता.

परंतु इडाबाईंचे खरे काम त्याहून जोखमीचे होते. लिंचिंगच्या बातम्या वाचून त्या त्या गावी जाऊन चौकशी करू लागल्या. मिसिसिपीतील टुनिका येथे शेरीफच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या राक्षसाला जमावाने मारल्याची बातमी होती. बाईंनी जाऊन पाहिले तो मुलगी सतरा वर्षांवरची, मारला गेलेला माणूस तिच्या बापाच्याच पदरी कामाला असलेला, आणि ती आपण होऊन त्याच्या खोपटात जात असे. बापाला ती तेथे सापडली तेव्हा तिची अब्रू राखण्यासाठी त्याने जमाव जमविला होता. अशी उदाहरणे जमल्यावर २१ मे १८९२ च्या अंकात त्यांनी लिहिले की, काळे पुरुष गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार करतात या जुन्या असत्यावर या भागात कोणाचाच विश्वास उरलेला नाही, आणि गोऱ्यांनी सांभाळून राहावे, नाही तर निघणारा निष्कर्ष त्यांच्या स्त्रियांच्या नैतिक लौकिकाला बाधक ठरेल. लेखावर नाव नव्हते. लेखक पुरुष आहे असे समजून मेम्फिसच्या एका सायंदैनिकाने त्याला खांबाला बांधून कपाळावर डागण्या देण्याची आणि शिंप्याच्या कात्रीने त्याचा अवयवच्छेद करण्याची धमकी छापली. २७ मे रोजी जमावाने ‘फ्री स्पीच’ची कचेरी उद्ध्वस्त केली, यंत्रसामग्री मोडून टाकली, आणि परत आल्यास मृत्यू अशी ताकीद मागे ठेवली. बाई त्या वेळी पूर्वेकडे गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मेम्फिस त्यांना कायमचे अंतरले.

न्यूयॉर्कमधील ‘एज’ या कृष्णवर्णीय पत्राचे संपादक टी. थॉमस फॉर्च्यून यांनी त्यांना आश्रय दिला, आणि २५ जूनच्या अंकात पहिल्या पानावर त्यांनी नावे, गावे व तारखा देऊन आपली कैफियत मांडली. दहा हजार प्रती निघाल्या, त्यांतील हजार मेम्फिसमध्ये खपल्या. ५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क व ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी लिरिक हॉलमध्ये त्यांचा सत्कार केला आणि लेखणीच्या आकाराचा सोन्याचा ब्रोच व रोख निधी दिला. त्या पैशांतून ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका छापली गेली. तिला पत्ररूपाने प्रस्तावना लिहिली वयोवृद्ध फ्रेडरिक डग्लस यांनी. तरुणपणी स्वतःच्या पाठीवर मालकाचे फटके सोसलेल्या आणि गुलामीविरुद्ध साऱ्या देशाला हलवून सोडलेल्या त्या पुरुषाने मोकळेपणाने मान्य केले की, या विषयावर आपण जे बोललो ते या स्त्रीच्या पुराव्यापुढे दुबळे आहे.

हा पुरावा कसा गोळा झाला ते पाहण्याजोगे आहे. काळ्यांची साक्ष पक्षपाती म्हणून फेटाळली जाईल हे जाणून बाईंनी आपला आधार गोऱ्यांच्या लिखाणालाच केले. ‘शिकागो ट्रिब्यून’ हे पत्र १८८२ पासून दरसाल लिंचिंगची यादी छापीत असे. त्या यादीवरून १८९२ या एका वर्षात २४१ माणसे मारली गेली आणि त्यांतील १६० कृष्णवर्णीय होती. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात बाईंनी या याद्या आरोपवार लावून दाखविल्या, तेव्हा जी सबब सर्व प्रकरणांना पुरविली जात होती ती सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत आरोप म्हणूनसुद्धा पुढे आलेली होती, उरलेल्यांत नव्हतीच, असे आढळले. विहिरीत विष टाकल्याचा संशय, गोठा जाळल्याचा संशय, गोऱ्याचा अवमान, स्वसंरक्षण, वंशद्वेष आणि काही नावांपुढे तर ‘अपराध नाही’ अशी नोंद. आणि मेलेल्यांत स्त्रियाही होत्या. ज्यांनी हत्या केल्या त्यांच्याच वृत्तपत्रांतील ओळी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभ्या केल्यामुळे या दस्तऐवजाला खोटे पाडण्याची सोय उरली नाही.

देशातल्या गोऱ्या वृत्तपत्रांनी कानाडोळा केला तेव्हा बाई इंग्लंडला गेल्या. कॅथरीन इंपी या क्वेकर पंथीय बाई तेथे ‘अँटी-कास्ट’ नावाचे मासिक चालवीत. त्या आणि स्कॉटलंडमधील लेखिका इझाबेला मेयो यांच्या निमंत्रणावरून १८९३ साली, आणि त्यानंतर पुन्हा एकदा १८९४ साली, इडाबाईंनी त्या देशात गावोगाव व्याख्याने दिली. मेम्फिसचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता. गिऱ्हाइकाच्या देशात नाचक्की होऊ लागताच मेम्फिसच्या व्यापाऱ्यांना आपल्या लौकिकाची काळजी वाटू लागली. १८९४ च्या ऑगस्टअखेरीस त्याच परिसरात सहा कृष्णवर्णीय कैद्यांची हत्या झाली तेव्हा मेम्फिसच्या वृत्तपत्रांनी व व्यापाऱ्यांनी जाहीर निषेध केला आणि काही गोऱ्यांवर खटलेही झाले. आरोपी सुटले हे खरे. पण अडीच वर्षांपूर्वी याच शहरात मॉसच्या मारेकऱ्यांचे नाव घेण्यासही कोणी धजला नव्हता.

१८९५ साली शिकागोचे वकील व पत्रकार फर्डिनांड बार्नेट यांच्याशी विवाह करून इडाबाई त्या शहरी स्थायिक झाल्या, चार मुलांच्या आई झाल्या, आणि तान्हे मूल बरोबर घेऊन व्याख्यानांना जात राहिल्या. त्यांचा स्वभाव करारी होता आणि तडजोडीची भाषा त्यांना मानवत नसे. गोऱ्यांशी जमवून घेऊन उद्योगशिक्षणाने उन्नती साधावी या बुकर वॉशिंग्टन यांच्या धोरणावर त्यांनी उघड टीका केली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी, पुढे सुविख्यात झालेली राष्ट्रीय संस्था १९०९ साली ज्या परिषदेतून जन्माला आली, तिच्या चाळीस जणांच्या समितीच्या यादीतून त्यांचे नाव प्रथम गळाले. आणि १९१३ साली वॉशिंग्टनमधील स्त्रीमताधिकाराच्या मिरवणुकीत काळ्या स्त्रियांनी मागे चालावे असे सांगण्यात आले, तेव्हा त्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी समोरून जाऊ लागताच तिच्यात शिरून चालू लागल्या. आपल्या माणसांकडून झालेली उपेक्षाही त्यांना सोसावी लागली, आणि ती त्यांना गोऱ्यांच्या वैरापेक्षा अधिक झोंबली.

त्या १९०९ सालच्याच नोव्हेंबर महिन्यात इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला कैरो या गावी विल जेम्स नावाच्या कृष्णवर्णीयाला जमावाने फाशी दिले, त्याच्या देहात गोळ्या झाडल्या आणि प्रेत जाळले. त्या राज्यात १९०५ साली असा कायदा झाला होता की, शेरीफच्या ताब्यातील कैद्याची अशी हत्या झाल्यास शेरीफ पदच्युत व्हावा. पण आपण कर्तव्यात कसूर केली नाही हे त्याने दाखविल्यास गव्हर्नरने त्याला पुन्हा नेमावे. गव्हर्नर डिनीन यांनी शेरीफ फ्रँक डेव्हिस यास दूर केले आणि डेव्हिसने पुनर्नेमणुकीचा अर्ज केला. बार्नेट यांनी जेवताना पत्नीला सांगितले की, विरुद्ध बाजूने पुरावा मांडणारे कोणी नाही, तुम्ही कैरोला जा. बाई वैतागलेल्या होत्या. पुढे पुढे करते असा बोल लावणाऱ्यांनीच आता जावे, असे म्हणून त्या धाकट्या मुलीला घेऊन झोपावयास गेल्या. थोरला मुलगा चार्ल्स खोलीत आला आणि म्हणाला, आई, तू गेली नाहीस तर दुसरे कोणीच जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कुटुंब त्यांना स्टेशनावर पोचवावयास गेले.

कैरोत पाहतात तो कृष्णवर्णीयांपैकीच कित्येकांनी शेरीफला अनुकूल अशी पत्रे गव्हर्नरकडे धाडलेली होती; डेव्हिस स्वभावाने बरा, काळ्यांना नोकऱ्या देणारा, आणि मारला गेलेला माणूस तर नालायकच, असे ते म्हणत. बाईंनी त्यांना सभेत सांगितले की, मेलेला माणूस चांगला होता की वाईट हा प्रश्नच नाही. तुमच्यापैकी कोणावर उद्या आळ आला तर शेरीफने काय करावे असे तुम्हांला वाटते? मग त्यांनी माणसामाणसाला गाठून साक्षी घेतल्या. शेरीफने मदतीला माणसे नेमली नव्हती, गव्हर्नरकडे लष्कर मागितले नव्हते, आणि कैद्याला जंगलात घेऊन हिंडण्यापलीकडे काही केले नव्हते. स्प्रिंगफील्ड येथे सुनावणीच्या वेळी शेरीफच्या बाजूला वकील व प्रतिष्ठित नागरिक यांचा ताफा होता. समोर बाई आणि त्यांच्या मदतीला एक स्थानिक कृष्णवर्णीय वकील. बाईंनी साक्षी वाचून दाखविल्या, सभेचे ठराव दाखल केले आणि कायद्याचे कलम पुढे ठेवले. गव्हर्नरने निर्णय दिला की, डेव्हिसला पुन्हा नेमता येत नाही. सतरा वर्षे जगाच्या चव्हाट्यावर मांडलेली फिर्याद या वेळी एका अधिकृत अंमलदाराने ऐकून घेतली आणि मान्य केली.

इडा वेल्स-बार्नेट २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत वारल्या. त्यांचे आत्मवृत्त अपुरे राहिले होते. ते त्यांच्या मुलीने संपादन करून १९७० साली प्रकाशात आणले. लिंचिंगविरोधी पहिले विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १९०० साली तेथील त्या वेळचे एकमेव कृष्णवर्णीय सभासद जॉर्ज व्हाइट यांनी मांडले होते. त्यानंतर दोनशेच्या आसपास विधेयके आली आणि गेली. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला तो एका गोऱ्या स्त्रीशी गैर वागल्याच्या आरोपावरून, म्हणजे जी सबब इडाबाईंनी त्याच्या त्रेसष्ट वर्षे आधी उघडी पाडली होती तीच पुढे करून. आणि त्याच मुलाच्या नावाचा कायदा २०२२ च्या मार्चमध्ये मंजूर होऊन लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला.

एवढ्या दीर्घ विलंबाकडे पाहून या स्त्रीचे श्रम वाया गेले असे कोणास वाटेल, तर मला ते मान्य नाही. ज्या समाजाला न्यायालयात साक्ष देण्याची सोय नसते, त्याच्यावरच्या अन्यायाची नोंद अन्याय करणाराच ठेवतो, आणि पुढच्या पिढ्या तीच खरी मानून चालतात. इडाबाईंनी ही नोंद त्याच्या हातून काढून घेतली. प्रत्येक बळीचे नाव, गाव, तारीख आणि आरोप लिहून ठेवला, सबब वेगळी केली आणि कारण वेगळे केले, आणि हे काम जिवाच्या भीतीने टाळले नाही, थट्टेने टाळले नाही, स्वकीयांच्या उपेक्षेनेही टाळले नाही. डग्लस यांच्यामागून आणि माँटगोमेरीच्या आधी जो काळ कृष्णवर्णीय अमेरिकेला सर्वांत काळोखाचा गेला, त्या काळात खरे काय घडले हे आज जगाला ठाऊक आहे ते मुख्यतः अशा नोंदींमुळे. कायदा उशिरा येतो; पण तो येतो तेव्हा त्याला उभे राहण्यास पुरावा लागतो, आणि तो वेळीच जमवून ठेवणारी माणसे कायदा करणाऱ्यांइतकीच न्यायाची शिल्पकार असतात.